जे लावाल ते चाटणार: कुत्र्या-मांजरांचे घरगुती उपाय

परवा आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकीनं विचारलं की मांजरीला पिसवा झाल्यात, काही नॅचरल उपाय आहे का, आणि मग काय, धडाधड मेसेज सुरू. कडुनिंबाचं तेल चोळा, कापूर तेलात विरघळवून लावा, संत्र्याच्या साली उकळून स्प्रे करा (नागपूरकर आहोत ना, संत्रं कुठंतरी आणलंच पाहिजे), झोपायच्या जागी डांबरगोळ्या टाका, एक जण तर म्हणे लसूण खाऊ घाला. सगळ्यांचा हेतू चांगलाच होता पण या यादीतली एकही गोष्ट मी माझ्या मांजरीच्या जवळ फिरकू देणार नाही.

मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते. घरात एक गावरान कुत्रा आहे, भुऱ्या, आणि दोन मांजरी, आणि बाल्कनीखाली येणारी-जाणारी मंडळी वेगळी. घरगुती उपायांना माझा विरोध बिलकुल नाही, उलट अर्धी दुखणी घरच्या घरीच बरी होतात. पण हे उपाय आपण माणसांवरून उचललेले असतात, आणि माणूस आपल्या पाठीला लावलेला बाम चाटत नाही. कुत्रा चाटतो. मांजर तर दिवसातला केवढा तरी वेळ अंग चाटण्यातच घालवते. म्हणजे बाहेरून लावलेलं जे काही आहे ते संध्याकाळपर्यंत पोटात जाणारच आहे असं धरूनच चालायचं. माझा सगळा हिशोब या एका गोष्टीवर चालतो.

त्यातही मांजर म्हणजे छोटा कुत्रा नव्हे. तिच्या लिव्हरमध्ये काही रसायनं तोडून बाहेर टाकायची व्यवस्थाच फार कमजोर असते. म्हणून तर आपली साधी तापाची पॅरासिटामॉलची गोळी, जी आपण फुटाण्यासारखी खातो, ती एक गोळीसुद्धा मांजरीचा जीव घेऊ शकते. हिरड्या तपकिरी-निळसर पडतात, तोंड आणि पंजे सुजतात, श्वास लागतो. आणि "मग अर्धी देऊ का" हा प्रश्न मला विचारतातच लोक. नाही, पावही नाही. कुत्र्याला आयबुप्रोफेनवाली अंगदुखीची गोळी दिली तर पोटात अल्सर आणि किडनीची वाट. संत्र्याच्या सालीचं तेल, टी ट्री ऑइल, निलगिरीचं तेल, कापूर हे सगळं "नैसर्गिक" आहेच, पण मांजरीला त्यानं लाळ गळणं, थरथरणं, झोकांड्या जाणं असं होऊ शकतं. डांबरगोळी तर आपल्यासाठीही विषच आहे.

आता आधी उन्हाळ्याचं बोलू, कारण नागपुरात राहून दुसरं काय आधी बोलणार. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला आणि नवतपा (सगळ्यात तापलेले नऊ दिवस) लागला की माणसं दुपट्टा गुंडाळून फिरतात, पण कुत्र्याच्या अंगावर कायमचा कोट. त्याला आपल्यासारखा अंगभर घामही येत नाही, थोडाफार पंजाच्या गाद्यांना येतो, बाकी सगळी भिस्त जीभ बाहेर काढून धापा टाकण्यावर. पग, पर्शियन मांजर अशा चपट्या नाकाच्यांना तेही धड जमत नाही. आपल्या शहरात पग का पाळतात हा माझा जुना प्रश्न आहे, पण जाऊ द्या.

ऊन लागलं म्हणजे नुसती सुस्ती नाही. जोरजोरात धाप, घट्ट चिकट लाळ, हिरड्या लालभडक, चालताना तोल जाणं, उलटी, आणि मग आडवा. अशा वेळी सावलीत न्या, अंगावर साधं नळाचं पाणी टाका, पोट, जांघा, पंजे भिजवा आणि समोर पंखा लावा. बर्फच हवा असं काही नाही, पाणी त्याच्या अंगापेक्षा गार असलं की झालं. ओला टॉवेल वरून गुंडाळून ठेवू नका, तो थोड्या वेळात गरम होतो आणि मग त्याचीच गोधडी होते. शुद्धीवर असेल तर पाणी समोर ठेवा, जबरदस्तीनं तोंडात ओतू नका. आणि हे सगळं करता करता गाडी काढा, कारण आतले अवयव बिघडलेत का हे बाहेरून दिसत नाही, तासाभरानं "आता बरा वाटून राहिला" असं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी रक्ताची शी.

आपल्याकडे उन्हाळ्यात खिशात कांदा ठेवायची पद्धत आहे, लू लागू नये म्हणून. ठेवा बापा खिशात. पण तोच कांदा किसून कुत्र्याला खाऊ घालणारे लोक मी पाहिलेत. कांदा आणि लसूण दोन्ही कुत्र्या-मांजरांच्या लाल पेशी फोडतात, कच्चा असो की शिजवलेला की पावडर, आणि लक्षणं लगेच नाही, काही दिवसांनी दिसतात, तोवर कांद्याचा कोणाला संशयही येत नाही.

त्यापेक्षा माठाचं पाणी दोन-तीन जागी ठेवा, फरशीवर ओलं पोतं टाका, फिरायला पहाटे किंवा पार रात्री. रस्त्यावर हाताचा पंजा उलटा टेकवून बघा, पाच-सात सेकंद ठेवता येत नसेल तर त्यालाही नेऊ नका. आणि कूलर! लोखंडी कूलरमध्ये करंट उतरायच्या बातम्या दर उन्हाळ्यात असतात, ओल्या अंगाचं जनावर त्याला टेकून झोपतं, तेव्हा अर्थिंग तपासून घ्या आणि कूलरसमोर आडवी खुर्ची लावा. हा उपाय कोणत्याच पुस्तकात नसतो म्हणून मुद्दाम लिहिलं.

पोटाचं. इथं मात्र आपलं स्वयंपाकघर खरंच कामाचं. मोठ्या, एरवी तब्येतीनं चांगल्या कुत्र्याला साधे जुलाब लागले तर एक जेवण चुकवायचं (पिल्लाला आणि मांजरीला उपाशी ठेवायचं नाही), मग मऊ भात आणि उकडलेलं चिकन, मीठ-मसाला-तेल काही नाही, थोडं थोडं करून. सोबत एक-दोन चमचे लाल भोपळा, म्हणजे आपल्याकडचं कोहळं, उकडून कुस्करून. त्यातला फायबर गंमतशीर आहे, जुलाबात पाणी धरतो आणि बद्धकोष्ठात शी मऊ करतो, दोन्हीकडे चालतो. मांजरीला छोटा चमचा पुरे. साधं दही थोडंसं चालतं, दूध नको. मोठ्या मांजरींना दूध पचत नाही बहुतेक वेळा, वाटीभर दूध पिणारी मनीमाऊ गोष्टीतच बरी.

माझी आई यवतमाळकडची, तिला हे बिनमिठाचं प्रकरण पटतच नाही. "जनावराले का चव नसते का वं? आमच्या टायमाले भाकर अन् कालवणाचा रस्सा टाकला का झालं, कुठं होते कुत्र्याचे डाक्टर?" तिला कितीदा सांगितलं की आई, तेव्हाची कुत्री किती वर्षं जगायची ते आठव. ती म्हणते, हो, ते बी आहे.

आणि रश्श्यावरून आठवलं, रविवारी सावजीचं पार्सल आणलं की उरलेला रस्सा आणि हाडं खाली कुत्र्यांना टाकायची आपली सवय. तेवढा तेल-मसाला म्हणजे स्वादुपिंडाला सूज यायला आमंत्रण, वरून त्यात कांदा-लसूण आहेच. शिजवलेली हाडं चिरफाळून टोकदार होतात आणि आतड्यात घुसतात. उदार व्हायचं असेल तर मसाला टाकायच्या आधी चार तुकडे बाजूला काढा.

जुलाबात घरी थांबायचं कुठवर? शीमध्ये रक्त, सतत उलट्या, पाणीही टिकत नाही, किंवा मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती हळूहळू खाली बसते (म्हणजे अंगातलं पाणी गेलंय), यातलं काहीही असेल तर नाही थांबायचं. आणि पिल्लू असेल, लस झालेली नसेल आणि घाण वासाचे रक्ताचे जुलाब असतील तर पार्वो (पिल्लांना होणारा जीवघेणा विषाणूचा आजार) धरून चाला. त्याला कोहळं, डाळिंबाची साल, जायफळ काहीही उपयोगाचं नाही, सलाइन लागतं, आणि तेही त्याच दिवशी. पार्वोची लस सहा-आठ आठवड्यांपासून सुरू होते, रस्त्यावरून पिल्लू उचलून आणलं तर पहिलं काम ते.

गोचिड्यांवर मी तासभर बोलू शकते. पावसाळा लागला की सुरू. लोक कडुनिंबाचा पाला उकळून आंघोळ घालतात, घाला, कुत्र्याला त्यानं फारसं नुकसान नाही, खाजही थोडी कमी होते. पण गोचिडी त्यानं जात नाहीत, कारण त्या कुत्र्यावर राहतातच कमी वेळ. रक्त पिऊन खाली पडतात आणि भिंतीच्या भेगा, दाराची चौकट, पायपुसण्याची खालची बाजू, कूलरच्या स्टँडमागे जाऊन बसतात, आणि एकेक मादी हजारांनी अंडी घालते. म्हणजे कुत्र्याला दहा आंघोळी घालून घर तसंच ठेवलं तर काही फायदा नाही. भेगा बुजवा, अंथरूण उकळत्या पाण्यात धुवा, उन्हात टाका. आपलं ऊन एवढ्या तरी कामाला येऊ दे.

अंगावरची गोचीड काढायची तर चिमट्यानं अगदी कातडीजवळ धरून सरळ वर ओढायची आणि साबणाच्या पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये टाकायची. नखानं फोडायची नाही, रॉकेल टाकायचं नाही, काडी पेटवून चटका द्यायचा तर अजिबात नाही. आणि खरं सांगू, एवढ्या सगळ्यापेक्षा डॉक्टरनं वजन बघून दिलेली चावायची गोळी किंवा मानेवर टाकायचं औषध भारी काम करतं, इथं नॅचरलचा हट्ट नको. फक्त एक, कुत्र्याच्या औषधात पर्मेथ्रिन नावाचं कीटकनाशक असेल तर ते मांजरीला लावायचं नाही, आणि कुत्रा-मांजर गळ्यात गळा घालून झोपत असतील तर कुत्र्यालाही नको. कुत्र्याचा डोस "अर्धा करून" मांजरीला टाकायचा आणि मग झटके आले म्हणून रात्री धावाधाव करायची, हे फार होतं.

गोचीड नुसती खाजवायला लावत नाही. ती एर्लिकिया, बबेसिया असल्या रक्तातल्या जंतूंचे आजार देते. ताप, जेवण बंद, हिरड्या पांढुरक्या, नाकातून रक्त, लघवी काळ्या चहासारखी. कुत्र्याचं नाक गार आहे म्हणून ताप नाही असं समजू नका, नाकाचा आणि तापाचा काही संबंध नाही. एक साधं डिजिटल थर्मामीटर त्याच्यासाठी वेगळं ठेवा, टोकाला व्हॅसलिन लावून मागून तपासा. १०१ ते १०२.५ फॅरनहाइट नॉर्मल असतं, म्हणजे आपल्याला जो ताप वाटेल तो त्यांचा रोजचाच. १०३ च्या वर गेलं की रक्त तपासायला न्या.

जखमांना मीठपाण्यासारखं स्वस्त औषध नाही. अर्धा लिटर पाणी उकळून गार करा, त्यात चहाचा सपाट चमचाभर मीठ, झालं. बाजूचे केस कापा, धुवा, कोरडं करा. हळद किंचित लावली तर बिघडत नाही पण जाड लेप थापू नका, खाली पू कोंडतो आणि वरून सगळं छान पिवळं दिसत राहतं. आता रस्त्यावरच्या खरुजवाल्या कुत्र्याला गाडीचं जळकं ऑइल लावतात ना, ते बघून मला संताप येतो. केस गेलेली, सोलवटलेली कातडी, त्यावर ते ऑइल, आणि मग तो ते चाटणार. खरुजेवर आता इतकी सोपी औषधं आहेत की ती खाण्यातून देता येतात, हातही लावावा लागत नाही. जखमेत अळ्या पडल्या तर फिनाइल, पेट्रोल ओतू नका, फोन करून न्या किंवा बोलवा. आणि मांजर असलेल्या घरात फरशीला फिनाइल टाकत असाल तर ते बंदच करा, ती त्यावरून चालते आणि पंजे चाटते.

कानात तेल नको, एवढंच.

मांजरींबद्दल दोन गोष्टी ज्यांना घरगुती उपाय नाहीच. बोका सारखा लघवीला बसतोय, कुथतोय, ओरडतोय आणि थेंबही येत नाही, तर लोक समजतात बद्धकोष्ठ झालं आणि तूप चाटवतात. लघवीची नळी बंद झालेली असते, एक-दोन दिवसांत जीव जातो. त्याच रात्री न्यायचं, सकाळची वाट बघायची नाही. दुसरं, मांजर दोन दिवस काहीच खात नाही, विशेषतः गुबगुबीत मांजर, तर "रुसली असेल" म्हणू नका, अंगातली चरबी लिव्हरमध्ये साठून वेगळाच आजार होतो.

चावण्याचंही सांगून टाकते. कोणतंही कुत्रं किंवा मांजर चावलं, ओरबाडलं, तर जखमेत तिखट, चुना, हळद भरू नका. वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून, आणि इंजेक्शनला जा. रेबीज एकदा सुरू झाला की काही करता येत नाही.

नागपुरात डॉक्टरांची तशी कमी नाही. सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासून आहे, तिथल्या दवाखान्यात सगळ्या प्रकारची जनावरं येतात, रांगेत तुमच्या पामेरियनच्या मागे एखादी बकरीही उभी असते. आपल्या एरियातल्या डॉक्टरचा आणि रात्री कोण फोन उचलतं त्याचा नंबर आजच सेव्ह करा. आणि जाताना फोनमध्ये शीचा, उलटीचा फोटो, खोकल्याचा नाहीतर लंगडण्याचा व्हिडिओ घेऊन जा, कारण घरी मरगळलेला कुत्रा दवाखान्याच्या टेबलावर ठेवला की एकदम असा ठणठणीत उभा राहतो की डॉक्टर आपल्याकडेच संशयानं बघतात.