मुलुंड नाक्यापलीकडे पोपट चालतो का?

परवा भाच्याचा फोन आला, मामा आम्ही ठाण्याला शिफ्ट होतोय, तिकडे कॉन्युर, म्हणजे आमचा तो परदेशी रंगीत पोपट, ठेवायला चालतो ना? म्हटलं अरे ठाण्याला जातोयस की दुबईला. पण हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय ना, कोणाला वाटतं मीरा रोडला चालतं, कोणाला वाटतं वसईला कोण बघतंय, जसं काय चेकनाका ओलांडला की कायदा बदलतो.

कुत्र्याचं लायसन्स पालिकेचं, ते मुंबईत वेगळं ठाण्यात वेगळं, मान्य. पण पक्षी, कासव, इग्वाना, साप यांना वन्यजीव संरक्षण कायदा लागतो, १९७२ चा, आणि तो केंद्राचा म्हणजे दहिसरच्या अलीकडे पलीकडे एकच. २०२२ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि बाहेरच्या देशांतले प्राणीही आत आले, म्हणजे ज्यांच्या व्यापारावर साइट्स या आंतरराष्ट्रीय करारात नियंत्रण आहे ते. मग फेब्रुवारी २०२४ ला नियम आले की असा प्राणी घरी असेल तर केंद्राच्या पर्यावरण खात्याच्या परिवेश पोर्टलवर नोंदवा, राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाकडे अर्ज जातो, पिल्लं झाली, दुसऱ्याला दिला, मेला, सगळं कळवायचं. सन कॉन्युर त्यात येतो, आफ्रिकन ग्रे पोपट येतो, बॉल पायथन हा अजगर येतो. आपण ज्यांना सरसकट लव्हबर्ड म्हणतो ते बजी आणि कॉकटील नाही येत. भाच्याची नोंदणी झालेली आहे, कागद फाइलमध्ये, फाइलला लेबल पण. पक्षी मात्र एक नंबरचा आगाऊ, गेल्या वेळी खांद्यावर बसून माझ्या शर्टाचं कॉलरचं बटण दोऱ्यासकट काढलं आणि मग ते चोचीत फिरवत माझ्याकडेच बघत बसला.

खरी गोची आमच्या डोंबिवलीच्या मावशीकडे. तिचा मिठू. साधा हिरवा, गळ्यात गुलाबी पट्टा, कोणीतरी बऱ्याच वर्षांपूर्वी पिल्लू आणून दिलेलं. आणि हा आपला देशी पोपट घरात ठेवणं हाच गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, नोंदणीची सोयच नाही! ब्राझीलकडचा पक्षी फाइल करून राजरोस आणि आपल्या पिंपळावरचा चोरीचा माल. ऐकायला उफराटं वाटतं, पण घरट्यातून पिल्लं काढून क्रॉफर्ड मार्केटसारख्या ठिकाणी विकली जात होती ती कोणाची, याचीच ना. स्टार कासवाचं तर त्याहून कडक, आणि लोक ते वास्तूला चांगलं म्हणून ठेवतात.

मावशीला सांगितलं, १९२६ वर फोन कर, वनखात्याची हेल्पलाइन आहे, सोडून देऊ नकोस हां, त्याला उडताच येत नाही, कावळे फाडतील. ती म्हणाली, अरे तुझे काका गेले तेव्हापासून घरात बोलणारा तोच आहे. मी गप्प. पेरूची फोड गजांतून आत सारत होती, तो मधला गर खाऊन साल खाली टाकत होता.

तेवढ्यात बेल वाजली, कुरियरवाला होता. मावशी उठायच्या आधीच पिंजऱ्यातून ठणठणीत आवाजात, काकांच्याच ढंगात, "कोण आलंय?" मावशीने पटकन जुनं लुगडं पिंजऱ्यावर टाकलं आणि मग दार उघडलं.