दहा पत्ते, एक वाक्य

केल्टिक क्रॉस ही टॅरोमधली, म्हणजे भविष्यकथनासाठी वापरल्या जाणाऱ्या चित्रपत्त्यांमधली, दहा पत्त्यांची प्रसिद्ध मांडणी शिकायला घेतली, तेव्हा संचातल्या 78 पत्त्यांपैकी बहुतेकांचे अर्थ मला पाठ होते. मेजर आर्कानाचे, म्हणजे मुख्य गटाचे, 22 पत्ते आणि वाँड्स, कप्स, स्वोर्ड्स व पेंटॅकल्स या चार गटांतले प्रत्येकी 14, असा तो पसारा मी वहीत उतरवून काढला होता. तरीही पत्ते मांडून झाल्यावर माझ्या तोंडून एकामागून एक दहा सुटी विधाने बाहेर पडत, प्रत्येक विधान आपापल्या जागी बरोबर असे, आणि समोर बसलेल्या पृच्छकाच्या, म्हणजे प्रश्न विचारणाऱ्याच्या, हाती मात्र काहीही लागत नसे.

ही अडचण सुटली ती व्याकरणाच्या अंगाने विचार केल्यावर. 'घर' हा शब्द नुसता उच्चारला तर त्यातून एक वस्तू कळते. 'घराला', 'घरातून', 'घराचा' असे म्हटले की त्या वस्तूचे वाक्यातले काम कळते. पत्ता हा शब्द आहे आणि मांडणीतले त्याचे स्थान हा त्या शब्दाला लागलेला विभक्तिप्रत्यय आहे. मी इतके दिवस प्रत्यय वगळून शब्दच वाचत होतो.

ही मांडणी आज ज्या रूपात सर्वत्र शिकवली जाते, ते रूप रूढ झाले गूढविद्येचे लेखक आर्थर एडवर्ड वेट यांच्या लेखनामुळे. त्यांच्या मार्गदर्शनाखाली पामेला कोलमन स्मिथ यांनी चितारलेला संच 1909 मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढच्या एक-दोन वर्षांत वेट यांनी ही पद्धत तपशिलाने छापली. बहुतेक जुन्या संचांमध्ये चार गटांतल्या अंकांच्या पत्त्यांवर नुसती चिन्हे मोजून काढलेली असत. पामेला यांनी तिथे माणसे, घरे, हिमवर्षाव आणि समुद्र आणले. दहा पत्ते एकमेकांशी जोडून वाचता येतात याचे निम्मे श्रेय मी त्या चित्रांना देतो, कारण चित्रातले माणूस दुसऱ्या चित्राकडे पाहू शकते आणि पाच चिन्हांची रांग तसे पाहू शकत नाही.

वेट यांच्या पद्धतीत आधी पृच्छकाचे किंवा विषयाचे प्रतिनिधित्व करणारा एक पत्ता निवडून मध्यभागी ठेवतात. पहिला पत्ता त्याला झाकतो, म्हणजे सध्याचे वातावरण सांगतो, आणि दुसरा त्यावर आडवा पडतो. तिसरा वर, चौथा खाली. पाचवा मागे, सहावा पुढे. मागची बाजू कोणती, हे मधल्या पत्त्यातली व्यक्ती कुठे पाहते यावरून ठरते: तिची पाठ जिकडे तो भूतकाळ. अनेक ठिकाणी डावी-उजवी बाजू कायमची ठरवून दिलेली असते, पण मला जुनी रीतच अधिक अर्थपूर्ण वाटते. उरलेले चार पत्ते उजवीकडे खालून वर रचतात: पृच्छक स्वतः, त्याचा परिसर, त्याच्या आशा किंवा भीती, आणि अखेरीस जे घडणार ते.

यातला दुसरा पत्ता मला सर्वांत जास्त काळ चकवत राहिला. हे अडथळ्याचे स्थान आहे. इथे वाईट पत्ता आला तर वाचणे सोपे जाते. चांगला आला की गोंधळ उडतो. वेट यांनी याची दोन उत्तरे दिली आहेत: एकतर विरोध फारसा गंभीर नाही, किंवा जी गोष्ट एरवी चांगली आहे तीच या विशिष्ट संदर्भात फळ देणारी नाही. हे दुसरे उत्तर मला एका मैत्रिणीसाठी मांडलेल्या डावात प्रत्यक्ष दिसले. तिचे लेखनाचे एक मोठे काम बराच काळ रखडले होते आणि ते हातून पूर्ण का होत नाही, हा तिचा प्रश्न होता. पहिला पत्ता एट ऑफ पेंटॅकल्स, बाकावर बसून एकेक नाणे कोरत राहिलेला कारागीर. त्यावर आडवा टेन ऑफ कप्स: इंद्रधनुष्याखाली हात उंचावलेले जोडपे आणि शेजारी नाचणारी दोन मुले. सुखाचे याहून भरलेले चित्र संचात क्वचितच सापडेल, आणि तेच कारागिराच्या वाटेत आडवे पडले होते.

चौथ्या स्थानी, म्हणजे पायाशी, फाइव्ह ऑफ पेंटॅकल्स आला. उजळलेल्या खिडकीबाहेर बर्फातून चाललेली दोन विपन्न माणसे. कामामागे कष्टाची आवड आहे असे पहिल्या पत्त्यावरून वाटले होते. आता त्याच्या मुळाशी अभावाची भीती दिसू लागली. नवव्या स्थानी द हर्मिट होता. आशा आणि भीती यांना एकच जागा का, हे मला त्या दिवसापर्यंत उमगले नव्हते. हिमशिखरावर कंदील धरून एकटा उभा असलेला तो वृद्ध म्हणजे तिला हवा असलेला एकांत होता आणि तिला भिववणारा एकाकीपणाही होता. आडवा पडलेला टेन ऑफ कप्स या हर्मिटशेजारी धरला तेव्हा मैत्रीण बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "घरातली माणसे मला अडवत नाहीत रे. दार लावून घ्यायचं धाडस मलाच होत नाही."

पत्त्यांना भविष्य ठाऊक असते असे मी मानत नाही. परंतु प्रश्नाचे दहा भाग पाडून ते पुन्हा एकमेकांना जोडायला लावणारी दुसरी इतकी काटेकोर रीत मला माहीत नाही. म्हणून आता मी पत्ते क्रमाने सांगत सुटत नाही. पहिला-दुसरा, तिसरा-चौथा, पाचवा-सहावा अशा जोड्या आधी पाहतो आणि कोणता गट वारंवार आला आहे व कोणता अजिबात आलेला नाही, हेही मोजतो.

दहावा पत्ता पेज ऑफ पेंटॅकल्स होता: दोन्ही हातांनी नाणे उचलून धरून त्याकडे एकटक पाहणारा तरुण. दहाव्या स्थानी पेजसारखा राजघराण्यातला पत्ता आला तर विषयाचा शेवट त्या पत्त्याने सुचवलेल्या व्यक्तीवर अवलंबून असतो, आणि तोच पत्ता मध्यभागी ठेवून नव्याने मांडणी करावी, असे वेट सांगतात. आम्ही पेज मध्यभागी ठेवला. तो कोण, असे मी विचारले, तेव्हा तिने लेखनाला नुकतीच सुरुवात केली होती त्या वर्षांतले स्वतःचे वय सांगितले आणि उरलेले पत्ते स्वतःच पिसायला घेतले.