शीटवरचे काळे डाग आणि सॅप व्हॅल्यू : माझा अनुभव

मी नागपूरचा, बुटीबोरीला एका कोल्ड रोलिंग मिलच्या (लोखंडी पट्टी न तापवता रोलमधे दाबून पातळ करतात) लॅबमधे आहे, रोल आणि शीटमधे लागणाऱ्या रोलिंग ऑइलचं सगळं माझ्याकडेच. मागच्या मे महिन्यात अ‍ॅनिलिंग झालेल्या (फर्नेसमधे तापवून मऊ केलेल्या) कॉइलच्या कडेला काळे डाग यायला लागले, कस्टमरनं दोन कॉइल परत पाठवल्या. मिलचा ऑपरेटर रोज विचारायचा, "भाऊ, तेल तर तीन टक्केच दाखवते ना, मंग काहून डाग पडून राहिले?"

त्याचं बरोबर होतं. रोज इमल्शनचं, म्हणजे रोलिंग ऑइल मिसळलेल्या पाण्याचं, सँपल बाटलीत घ्यायचं, अ‍ॅसिड टाकून तेल वर आणायचं, ३ टक्के. टाकीचं टेंपरेचर ५५ डिग्री, सगळं जागेवर. आधी पाण्यावर संशय गेला कारण बोअरचं क्षाराचं पाणी मिसळलं की कॅल्शियमनं साबण होऊन शीटला चिकटतो, पण डीएम प्लांटचं (क्षार काढलेलं) पाणी चांगलं निघालं. फर्नेसवाल्यांनी हायड्रोजनचा फ्लो वाढवून पाहिला, तरी तेच.

दहा दिवस गेले तेव्हा डोक्यात आलं की बाटलीत तेल किती आहे ते कळतं, कोणतं आहे ते नाही. मग तेच वर आलेलं तेल घेऊन सॅपोनिफिकेशन व्हॅल्यू (सॅप व्हॅल्यू) काढली, म्हणजे एक ग्रॅम तेलातल्या फॅटचा साबण करायला किती मिलिग्रॅम पोटॅश लागतं ते. आमच्या नव्या तेलाची १७० येते, त्यात फॅट आणि एस्टर असतात म्हणून. टाकीतल्या तेलाची आली ११९! बाहेरचं मिसळलं असेल तर मशीनचं हायड्रॉलिक ऑइल, ते मिनरल, त्याची जवळपास शून्य, म्हणजे ११९ भागिले १७०, आपलं तेल ७० टक्केच आणि बाकी ३० टक्के बाहेरचं.

मेंटेनन्सचं रजिस्टर काढलं तर हायड्रॉलिक टाकीत दर शिफ्टला टॉप-अप चालू होता, कोणी विचारलंच नव्हतं हे तेल जातं कुठे. फिटरकाकांनी रोल बेंडिंगचा (रोल वाकवणारा) हायड्रॉलिक सिलिंडर उघडला, सील पार फाटलेलं, तिथूनच तेल इमल्शनमधे गळत होतं. हे हायड्रॉलिक तेल रोल आणि शीटच्या मधे नीट टिकत नाही, त्यामुळे लोखंडाची बारीक भुकटी जास्त सुटते, आणि फर्नेसमधे ते स्वच्छ उडूनही जात नाही, कॉइलचे वेढे घट्ट असतात ना, वाफ कडेनंच बाहेर पडते आणि तिथेच कार्बन बसतो.

सील बदललं, वर तरंगणारं तेल काढणारा स्किमर चोवीस तास चालवला, मॅग्नेटिक फिल्टर साफ केला, अर्धं इमल्शन काढून नवीन भरलं. व्हॅल्यू १५० च्या वर गेली, पण अ‍ॅनिलिंग होऊन कॉइल थंड व्हायला दिवस लागतात, तो काळ फार जड गेला. पहिली कॉइल उघडली तेव्हा कडेला पारदर्शक टेप चिकटवून काढली अन् पांढऱ्या कागदावर लावली. काळं काही नव्हतं.

आता दर सोमवारी सॅप व्हॅल्यू काढतो आणि शेजारच्या रकान्यात हायड्रॉलिक टॉप-अपचे लिटर लिहितो.