बारा नखांचं कासव

गंगाखेडात 'गोदावरी' म्हटलं की माणसं क्षणभर थांबतात. इथं ती गंगाच. दिवाळीनंतर मावशीकडे गेलो होतो. पक्षी बघायला पहाटे नदीवर उतरलो आणि सगळी सकाळ कासवात गेली.

वर मुदगल, खाली दिग्रस, अशा दोन बंधाऱ्यांमधलं पाणी काठोकाठ होतं. एक भोई मामा जाळ्यातून ताटलीएवढं कासव सोडवत बसले होते.

"नखं मोजा."

एका पायाला तीन. चार पायांची बारा.

"अन् लोक इसाचं मागतेत. गुप्तधन काढायला."

मऊ पाठीच्या कासवांना तीनच नखं असतात, विसाचा हिशोब लागायचा कसा? मामांनी ते अलगद उलटं धरलं. मागचे पाय आत गेले, तशा पोटाकडच्या दोन झडपा कवाडासारख्या मिटल्या. मग पाण्यात सोडून दिलं. हे झडपांचं कासव 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंक्तीला. मामांना ते पाठ आहे. गिऱ्हाइकांनाही सांगतात म्हणे.

वाळूउपशानं कासवांची अंडी जातात का, असं मी विचारत होतो. वाचून आलो होतो ना! मामा म्हणाले, "त्यो हायेच. पण हे बेनं अंडी वर घालतंय, मातीत. चला."

काठालगतच्या रानात हरभऱ्याची तयारी चालली होती. बांधाच्या कडेला रोटाव्हेटर उभा आणि त्याच्यापुढं उघडी पडलेली आठ अंडी, पांढरी, गोट्यांसारखी गोल. दोन फुटलेली. शेतकरी दादा ती टोपलीत भरून सावलीला ठेवायच्या बेतात होते. मामा ओरडलेच, "हलवू नगा!" कारण खरं आहे: आतला जीव कवचाच्या वरच्या बाजूला चिकटलेला असतो, अंडं फिरलं की तो मरू शकतो. फुटलेली दोन बाजूला केली, बाकीच्यांवर तीच माती हातानं लोटली. मुंगूस आणि कुत्र्यांसाठी वरून बोराटी पसरली. काटे मलाच जास्त लागले.

"पेरणीची तीन तासं गेली माझी," दादा कुरकुरले, पण ट्रॅक्टर वळवून घेतला.

पिल्लं कधी निघतील?

"मिरगात या," मामा म्हणाले. माझ्या पांढऱ्या बुटांकडं बघून पुढं म्हणाले, "हे घालून येऊ नगा."