धर्मभगिनींचे निबंध आणि आत्याची पत्रे

गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत आत्याने माझ्या वडिलांना लिहिलेल्या पत्रांचा गठ्ठा सापडला. सगळी निळी अंतर्देशीय पत्रे, घड्यांवर विरलेली, आणि कागद संपल्यावर मजकूर समासातून वर चढत गेलेला. ती निवांत वाचावीत असे कोणालाही वाटले असते. मी मात्र पेन्सिल घेऊन त्यांतले आनंदाचे शब्द मोजायला बसले, कारण तेव्हा माझ्या डोक्यात अमेरिकेतल्या धर्मभगिनींवरचा (म्हणजे नन्सवरचा) अभ्यास घोळत होता.

डेव्हिड स्नोडन या संशोधकाने १९८६ साली सुरू केलेल्या या अभ्यासात ‘स्कूल सिस्टर्स ऑफ नॉत्र दाम’ या संघातल्या, वयाची पंचाहत्तरी गाठलेल्या ६७८ धर्मभगिनी सहभागी झाल्या आणि मृत्यूनंतर आपला मेंदू संशोधनासाठी देण्यास त्या सगळ्यांनी संमती दिली. मूळ विषय स्मृतिभ्रंशाचा होता. परंतु मठाच्या दप्तरात एक वेगळेच घबाड हाती लागले: यांतल्या अनेकींनी तरुणपणी, व्रत घेण्याच्या सुमारास, वरिष्ठांच्या आज्ञेवरून स्वतःच्या आयुष्याविषयी दोन-तीनशे शब्दांचा लहानसा निबंध लिहिला होता. डॅनर, स्नोडन आणि फ्रीसन यांनी त्यांतले १८० निबंध घेतले, भावना व्यक्त करणारा एकेक शब्द वेगळा काढला आणि साठ वर्षांनंतर कोण हयात आहे, कोण नाही, याच्याशी तो ताडून पाहिला. २००१ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा होता की, सकारात्मक भावनांची वाक्ये सर्वांत कमी लिहिणाऱ्या चौथाई गटाचे मध्यम आयुर्मान, सर्वांत जास्त लिहिणाऱ्या चौथाई गटापेक्षा ६.९ वर्षांनी कमी भरले. निबंध लिहिताना त्यांचे सरासरी वय होते २२ वर्षे.

या अभ्यासाचे मोल कशात आहे, हे समजून घेतले पाहिजे. एरवी आनंदी माणूस जास्त जगला असे दिसले, तरी तो सुस्थितीतला होता म्हणून जगला, नीट जेवत होता म्हणून जगला की डॉक्टर परवडत होता म्हणून जगला, हे सांगता येत नाही. इथे सगळ्या एकाच संघाच्या मठांत राहणाऱ्या, साधारण सारखेच जेवणाऱ्या, बहुतेक शिक्षिका, बाळंतपणे नाहीत, तंबाखू नाही, नवऱ्याच्या पगाराची चिंता नाही. आयुष्याची इतकी सारखी मांडणी संशोधकाला सहसा मिळत नाही.

आत्याच्या पत्रांत मात्र माझी मोजणी दुसऱ्याच पत्राला अडखळली. ‘येथील सर्व क्षेम, तुमचे क्षेम कळवीत जावे’, ‘मुले खुशाल आहेत’, ‘आनंद वाटला’ या शब्दांखाली रेघा मारत गेले आणि लक्षात आले की त्या प्रत्येक पत्रात आहेत. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. आत्याचे यजमान साच्यावर कामाला होते आणि दोन-अडीच महिन्यांत घरातले पैसे आटले. त्या मार्चच्या पत्राचा आरंभही ‘आम्ही सर्व खुशाल’ असाच आहे, आणि सहाव्या ओळीत, जणू ओघात आल्यासारखे, ‘पाटल्या ठेवल्या आहेत, आईस सांगू नये’ असे लिहिले आहे. पत्राचा रिवाज आणि मनाची स्थिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वरिष्ठांनी वाचायच्या निबंधातही थोडाफार रिवाज असणारच. पण सगळ्यांचा रिवाज एकच असूनही त्यात फरक उमटला, हीच त्या अभ्यासाची खरी गंमत आहे.

आता आयुर्मान आणि शरीराचे म्हातारे होणे यांत अंतर आहे. माणसाचे शरीर कितपत झिजले आहे त्याला हल्ली जैविक वय म्हणतात आणि ते मोजण्याचे अनेक मार्ग निघाले आहेत. त्यांतला बहुचर्चित मार्ग टेलोमिअरचा. गुणसूत्राच्या टोकाला डीएनएचा एक ठरावीक तुकडा पुन्हा पुन्हा आलेला असतो, बुटाच्या नाडीच्या टोकाला प्लॅस्टिक असते तसा, आणि पेशी विभागताना तो झिजत जातो. एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांना कॅरोल ग्रायडर आणि जॅक शॉस्टॅक यांच्यासह २००९ चे नोबेल मिळाले ते या टोकांवरच्या कामासाठी. त्याआधी, २००४ साली, ब्लॅकबर्न आणि मानसशास्त्रज्ञ एलिसा एपेल यांनी ५८ निरोगी मातांची तपासणी केली होती. त्यांतल्या बऱ्याच जणी दीर्घकाळ आजारी असलेल्या मुलाची शुश्रूषा करणाऱ्या होत्या. आजारी मुलांच्या मातांची टोके सरसकट आखूड निघाली नाहीत. आखूड निघाली ती ज्या स्त्रियांना स्वतःला ताण जास्त जाणवत होता त्यांची, आणि शुश्रूषेत जास्त वर्षे गेलेल्यांची. सर्वाधिक व सर्वांत कमी ताण जाणवणाऱ्यांमधला फरक किमान दहा वर्षांच्या झिजेइतका भरला. हा निकाल अजूनही जिथे-तिथे सांगितला जातो. मात्र ५८ हा आकडा लहान आहे आणि पुढे मोठ्या संख्येवर पाहिल्यावर ताण व टेलोमिअर यांचा संबंध बराच क्षीण निघाला, हे त्यासोबत क्वचितच सांगितले जाते.

मला जास्त विचारात पाडले ते न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनच्या अभ्यासाने. १९७२-७३ साली तिथे जन्मलेल्या १,०३७ मुलांचा मागोवा आजवर घेतला जात आहे. रक्तदाब, मूत्रपिंड, फुप्फुसे, हिरड्या अशा १९ खुणांवरून २६ ते ४५ या वयात प्रत्येकाचे शरीर किती वेगाने झिजले ते काढले, तेव्हा एका वर्षात जेमतेम पाच महिन्यांइतके म्हातारे होणारे निघाले, तसेच एका वर्षात दोन वर्षांहून अधिक झिजणारेही निघाले. वेगाने झिजणाऱ्यांचे स्वतःच्या वार्धक्याविषयीचे मत अधिक निराश होते. पण यात आधी काय झाले? निराशेने शरीर झिजले, की शरीराची कुरकुर मनाला आधीच ऐकू आली? पंचेचाळिशीत जिना चढताना धाप लागणाऱ्या माणसाने म्हातारपणाबद्दल उत्साहाने बोलावे, ही अपेक्षाच विचित्र आहे.

ब्रिटनमधल्या सुमारे सात लाख स्त्रियांच्या पाहणीने २०१५ च्या डिसेंबरात नेमके याच दुखण्यावर बोट ठेवले. दुःखी स्त्रिया अधिक संख्येने मृत्यू पावत होत्या हे खरे. परंतु त्यांची आधीची तब्येत, धूम्रपान आणि राहणीमान हिशेबात घेतल्यावर सुखदुःखाचा स्वतंत्र परिणाम उरला नाही. आजाराने दुःख येत होते, दुःखाने मरण येत नव्हते. त्याच्याही आधी, १९२१ पासून मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन यांनी कॅलिफोर्नियात निवडलेल्या सुमारे दीड हजार मुलांच्या नोंदी तपासल्यावर, लहानपणी हसरी आणि आशावादी असलेली मुले सरासरीने लवकर गेली आणि नेटकी, जबाबदारीने वागणारी मुले जास्त जगली असे दिसले होते.

हे सारे मला महत्त्वाचे वाटते, कारण माझ्या वहिनीच्या केमोथेरपीच्या काळात भेटायला येणारा प्रत्येक जण सफरचंदांसोबत ‘पॉझिटिव्ह राहा, अर्धा आजार तिथेच बरा होतो’ हे वाक्य ठेवून जात असे. एकदा दार लावल्यावर ती म्हणाली, “म्हणजे रिपोर्ट वाईट आला तर माझंच चुकलं ना?” डोके व मानेच्या कर्करोगाच्या १,०९३ रुग्णांच्या पाहणीत मानसिक स्थितीचा जगण्याच्या कालावधीशी संबंध आढळला नव्हता. तो कागद मी तिला दाखवला, तेव्हा तिला बरे वाटले. धीर देण्याच्या नावाखाली आपण आजारी माणसाच्या माथी आणखी एक कामगिरी मारतो, हे आपल्या गावीही नसते.

तरीही एक धागा मला सोडवत नाही. ओहायोतल्या ऑक्सफर्ड गावी १९७५ साली पन्नाशी ओलांडलेल्या लोकांना काही साधे प्रश्न विचारले गेले होते: वय वाढेल तसे सगळे बिघडत जाते का, गेल्या वर्षी होता तेवढा उत्साह अजून आहे का, म्हातारपणी माणसाचा उपयोग कमी होतो का. येल विद्यापीठातल्या बेका लेव्ही यांनी २००२ साली त्यांतल्या ६६० जणांची उत्तरे तपासली. वार्धक्याबद्दल चांगले मत असणारे साडेसात वर्षे अधिक जगले, आणि तब्येत, उत्पन्न, एकटेपणा हे सर्व हिशेबात घेऊनही फरक पुसला गेला नाही. हा प्रश्न हसतमुख असण्याचा नाही. ‘पिकले पान’ आणि ‘आता आमचे काय राहिले’ हे आपण स्वतःबद्दल किती लवकर म्हणू लागतो, याचा आहे.

आत्या आता सत्याऐंशी वर्षांची आहे आणि डोंबिवलीत, लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहते. तिला आशावादी म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. ‘कशी आहेस’ या प्रश्नाला तिचे ठरलेले उत्तर ‘दिवस ढकलतेय’ हे आहे. भाजीवाला, सून, पाणीपुरवठा आणि गुडघे यांच्याविषयीची तिची गाऱ्हाणी रोज ताजी असतात. मागच्या महिन्यात गेले तेव्हा ती सुपात लसूण घेऊन बसली होती. मी तिला लेव्हींच्या यादीतला प्रश्न मराठीत विचारला: वय झाले की माणसाचा उपयोग कमी होतो, असे तुला वाटते का?

“हे सोलतंय कोण मग?” ती म्हणाली, आणि अर्धे सूप माझ्याकडे सरकवून, मी पाकळ्यांची टोके नीट काढत नाही म्हणून कुरकुरू लागली.