गोळी चालू आहे, तरी विसर का वाढतो?

"आईला डोनेपेझिल सुरू करून वर्ष झालं, तरी विसरणं वाढतंच आहे. गोळी लागू पडत नाही का?" अल्झायमरच्या रुग्णांचे नातेवाईक हे हमखास विचारतात. तुम्ही विचारलंत ते बरंच झालं, कारण याच शंकेपायी पुष्कळदा गोळी परस्पर बंद केली जाते.

ही गोळी चेतापेशींना मरण्यापासून वाचवत नाही. उरलेल्या पेशींचा निरोप ती थोडा जास्त वेळ टिकवते, एवढंच.

मेंदूच्या तळाशी मायनर्ट केंद्रक नावाचा पेशींचा पुंजका असतो. लक्ष आणि स्मृतीसाठी लागणारं, पेशींमध्ये निरोप पोचवणारं अ‍ॅसिटाइलकोलीन हे रसायन मेंदूच्या बाह्यकाला (बाहेरच्या थराला) बहुतांशी तिथूनच मिळतं. दोन पेशींमधल्या फटीत, म्हणजे सिनॅप्समध्ये, ते सुटलं की अ‍ॅसिटाइलकोलिनेस्टरेज हे विकर (एन्झाइम) लगेच त्याचे कोलीन आणि अ‍ॅसिटेट असे तुकडे करतं. विकराचा एकेक रेणू सेकंदाला हजारो रेणू तोडतो. कोलीन पेशीत परत ओढलं जातं आणि त्यापासून नवा साठा बनतो. निरोगी मेंदूत ही घाई हवीच, नाहीतर आधीचा निरोप पुसला जाण्यापूर्वी पुढचा येऊन थडकेल. अल्झायमरमध्ये या पुंजक्यातल्या पेशी झडतात, मुळात रसायनच कमी सुटतं आणि तेही लगेच तुटतं. डोनेपेझिल हे तुटणं मंद करतं. पण रसायन सोडणाऱ्या पेशीच संपत गेल्या की टिकवायला फारसं उरत नाही. आकलनशक्तीच्या ७० गुणांच्या चाचणीत औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांच्या तुलनेत सहा महिन्यांनी दिसणारा फरक सरासरी अडीच-तीन गुणांचा असतो. तो फुगवून सांगू नये.

मग अमायलॉइड, म्हणजे अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं प्रथिन, बनवणारं विकरच का अडवत नाहीत? तेही करून झालं. बीटा-सिक्रेटेज हे ते विकर अडवणाऱ्या व्हेरुबेसेस्टॅट या औषधाने अमायलॉइड घटलं, पण २०१७ आणि २०१८ मध्ये चाचण्या थांबवाव्या लागल्या. आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांची आकलनशक्ती उलट जास्त खालावली. तेच विकर सिनॅप्सला लागणारी इतर प्रथिनंही कापतं, हे त्याचं एक संभाव्य कारण.

म्हणून आहे ती गोळी नीट वापरणं महत्त्वाचं. सहसा रात्री ५ मिलिग्रॅमने सुरुवात होते आणि चार ते सहा आठवड्यांनी, सोसली तर, १०. औषध रक्तात स्थिर व्हायलाच दोन-तीन आठवडे लागतात, तेव्हा पहिल्याच आठवड्यात निकाल लावू नका. भयानक स्वप्नं पडत असतील तर डॉक्टरांना विचारून गोळी सकाळी देता येते. अ‍ॅसिटाइलकोलीन आतड्यांत आणि हृदयातही काम करतं, त्यामुळे मळमळ, जुलाब होतात आणि नाडी मंदावते. रुग्णाला भोवळ आली तर आधी नाडी मोजा, विशेषतः बीटा-ब्लॉकर (नाडी मंदावणारं रक्तदाबाचं किंवा हृदयाचं औषध) चालू असेल तर.

सर्वांत जास्त नुकसान मात्र एका साध्या गोष्टीने होतं. गोळीमुळे लघवीची घाई वाढते, ती नवी तक्रार समजून त्यावरचं ऑक्सिब्युटिनिन हे औषध दिलं जातं, आणि ते अ‍ॅसिटाइलकोलीनचा निरोप घेणारे पेशींवरचे ग्राहकच (रिसेप्टर) अडवतं. एक औषध निरोप टिकवतं, दुसरं तो पोचू देत नाही. नैराश्यावरचं अ‍ॅमिट्रिप्टिलीन आणि झोप आणणाऱ्या जुन्या अ‍ॅलर्जीच्या गोळ्यांचंही तेच. तेव्हा नवं काहीही सुरू करताना चालू औषधांची पूर्ण यादी डॉक्टरांपुढे ठेवा.

आणि गोळी थांबवायचीच ठरली, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली मात्रा उतरवत न्या. पुढच्या काही आठवड्यांत रुग्ण ठळकपणे खालावला, तर ती काम करत होती असं समजा आणि पुन्हा सुरू करण्याबद्दल लगेच विचारा.