पार्किंगवर उभी सात मजली इमारत आणि माझं भूकंप-विश्लेषण

जळगावातली फ्लॅटची इमारत. खाली मोकळं पार्किंग, वर सात मजले, उंची २४ मीटर, समोरून मागपर्यंत १६ मीटर. भूकंप-संहितेच्या २०१६ च्या नकाशात खान्देश क्षेत्र तीनमध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात, आहे आणि १९३८ साली सातपुड्यात मोठा भूकंप होऊन गेलाय. तरी "आपल्याकडे कुठे भूकंप होतात?" हे प्रत्येक साइटवर ऐकायला मिळतं.

ईटॅब्स या इमारत-विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये ग्रिड, मजले, बीम, स्लॅब टाकणं सवयीचं काम. कॉलम मात्र सुरुवातीपासूनच ३०० मिमी रुंद धरले. आर्किटेक्टना भिंतीत लपणारे २३० चे हवे होते, पण काँक्रीट इमारतींच्या भूकंपरोधक रचनेच्या आयएस १३९२० या संहितेत ते बसत नाहीत. काँक्रीटला भेगा पडणार हे धरून कॉलमचा मोमेंट ऑफ इनर्शिया (वाकण्याला होणारा विरोध ज्यावर ठरतो तो आकडा) ७० टक्के आणि बीमचा ३५ टक्के घेतला.

खरी मेहनत विटांच्या भिंतींची. सहसा २३० मिमी भिंतीचं वजन, मीटरला साधारण १२ किलोन्यूटन, बीमवर टाकून लोक पुढे जातात. त्यात वजन येतं, ताठरपणा येत नाही. अशा मॉडेलला वरचे मजले आणि खालचं पार्किंग सारखंच मोकळं दिसतं. माझ्याही पहिल्या मॉडेलमध्ये प्रत्येक मजल्याचं सरकणं उंचीच्या ०.००४ पटीच्या आत, म्हणजे संहितेच्या मर्यादेत होतं. मला ते पटेना. २००१ मध्ये भूकंप झाला भुजला, अहमदाबाद तिथून दोनशेहून जास्त किलोमीटर लांब, आणि तिथे कोसळलेल्या कितीतरी इमारती अशाच पार्किंगवर उभ्या होत्या.

म्हणून भिंत असलेल्या प्रत्येक चौकटीत भिंतीचा ताठरपणा दाखवणारा तिरका दांडा, म्हणजे स्ट्रट, टाकला, दोन्ही टोकांना मोमेंट रिलीज (बिजागरीसारखा मोकळा सांधा) देऊन. स्ट्रटची रुंदी आयएस १८९३ या भूकंप-संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीतल्या सूत्राने. काम किचकट आहे, पण ते टाळू नये असं माझं ठाम मत आहे. पुन्हा विश्लेषण चालवलं आणि चित्रच पालटलं. वरचे सात मजले एका ठोकळ्यासारखे हलत होते आणि जवळपास सगळं सरकणं पार्किंगच्या कॉलमांवर आलं होतं. शिवाय संहितेच्या सूत्राने नुसत्या चौकटीचा दोलनकाळ, म्हणजे एक झोका पूर्ण व्हायला लागणारा वेळ, ०.८१ सेकंद येतो, भिंतींसह ०.५४. मध्यम जमिनीवर एवढ्या फरकाने भूकंपाचं बल दीडपटीच्या आसपास जातं.

पार्किंगचा मजला ताठ करायला लिफ्टभोवती काँक्रीटच्या भिंती घातल्या. पण लिफ्ट मागच्या कोपऱ्यात, त्यामुळे पहिलाच मोड, म्हणजे इमारतीची हलण्याची पहिली तऱ्हा, पिळाचा आला. तोल साधायला समोरच्या कोपऱ्यातही भिंती हव्या होत्या आणि त्यात गाड्यांच्या दोन जागा जाणार होत्या.

मालकांना लॅपटॉपवर इमारत पिळताना दाखवली.

"भाऊ, दोन पार्किंगचे पैसे जातील ना?"

"जातील दादा. पण हे खालचे कॉलम बघा. वरची सगळी घरं यांच्यावरच उभी आहेत."

त्यांनी ते परत एकदा चालवायला लावलं, मग म्हणाले, "टाका भिंती."

नव्या मॉडेलमध्ये पहिले दोन मोड सरळ आले, पीळ तिसऱ्यावर गेला. विश्लेषणात घेतलेल्या मोडमध्ये मिळून इमारतीच्या वस्तुमानाचा सहभाग ९० टक्क्यांच्या वर भरला आणि पार्किंगचं सरकणंही मर्यादेत बसलं. निघताना मालकांनी विचारलं, त्यांची आधीची इमारतही पार्किंगवरच आहे, ती तपासता येईल का? तिचे नकाशे मागवलेत.